नको असलेले कॉल थांबवण्यासाठी १९०९ वर नोंदणी आणि तक्रार: पात्रता, लागणारी माहिती आणि पद्धत

कर्ज, विमा, प्लॉट, क्रेडिट कार्ड यांसाठी येणाऱ्या फोनना कंटाळून बहुतेक जण एकच उपाय करतात. कॉल कापतात आणि तो नंबर आपल्या फोनमध्ये ब्लॉक करतात. त्याने तेवढा एक नंबर बंद होतो, पण फोन करणारा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या सिमवरून बोलतो आणि आपली ब्लॉक केलेल्या नंबरांची यादी वाढत राहते. खरा परिणाम होतो तो १९०९ या क्रमांकावर केलेल्या 'जाहिरातीचे कॉल नकोत' अशा नोंदणीने (हिलाच डीएनडी म्हणजे 'डू नॉट डिस्टर्ब' म्हणतात) आणि त्यानंतर न कंटाळता केलेल्या तक्रारीने. ही सोय भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या म्हणजे ट्रायच्या २०१८ च्या विनियमांनी दिलेली आहे आणि १२ फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने ती ग्राहकाच्या बाजूने बरीच बळकट झाली आहे. तरीही आपल्याकडे ती फार कमी लोकांना नीट माहीत आहे, म्हणून सगळी पद्धत येथे क्रमाने देत आहे.

पात्रता आणि कागदपत्रे

ज्याच्याकडे चालू मोबाइल क्रमांक किंवा लँडलाइन आहे तो प्रत्येक ग्राहक पात्र आहे, मग जोडणी प्रीपेड असो वा पोस्टपेड आणि कंपनी कोणतीही असो. नोंदणीला शुल्क नाही आणि कोणतेही कागदपत्र लागत नाही. आधार, पॅन, फोटो, सही यांपैकी काहीही द्यावे लागत नाही, कारण ज्या क्रमांकावरून विनंती जाते तो क्रमांकच तुमची ओळख असतो. त्यामुळे 'तुमचे डीएनडी सुरू करून देतो, आधारचा नंबर सांगा' किंवा 'आलेला ओटीपी वाचून दाखवा' असे कोणी फोनवर म्हणाले तर तो माणूस फसवणारा आहे असे समजून फोन ठेवावा.

नोंदणी क्रमांकागणिक होते, माणसागणिक नाही. घरात चार फोन असतील तर चारही फोनवरून स्वतंत्र संदेश पाठवावा लागतो. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनची नोंदणी मुलांनी शेजारी बसून करून द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण अशा कॉलचा सर्वाधिक त्रास त्यांनाच होतो आणि येणारा प्रत्येक फोन उचललाच पाहिजे असे त्यांना मनापासून वाटते.

नोंदणी कशी करावी

सर्वांत सोपा मार्ग एसएमएसचा आहे. इंग्रजी अक्षरांत 'स्टार्ट' हा शब्द, मग एक जागा सोडून शून्य, एवढेच लिहून १९०९ वर पाठवावे. याचा अर्थ सर्व प्रकारचे व्यापारी कॉल आणि संदेश बंद करावेत, असा होतो. कंपनीकडून नोंदणीची पोच येते, ती पुसून न टाकता जपून ठेवावी. ज्यांना टाइप करणे जमत नाही त्यांनी त्याच फोनवरून १९०९ ला कॉल करून सांगितल्याप्रमाणे पर्याय निवडावा. लँडलाइनसाठीही हाच मार्ग आहे. स्मार्टफोनवर ट्रायचे डीएनडी ॲप किंवा आपल्या कंपनीचे ॲप यांतूनही नोंदणी करता येते. सगळेच बंद करायचे नसेल, उदाहरणार्थ शिक्षणविषयक माहिती हवी पण कर्जाचे फोन नकोत, तर विषयवार निवडही करता येते. त्यासाठी मात्र ॲप वापरणे बरे, कारण तेथे काय चालू आहे आणि काय बंद आहे हे डोळ्यांनी पाहता येते.

अनेक जण एका भीतीपोटी नोंदणी करत नाहीत. बँकेचा ओटीपी, गॅस सिलिंडरचा संदेश, रेल्वेच्या तिकिटाची माहिती हेही बंद होईल, असे त्यांना वाटते. तसे होत नाही. व्यवहाराचे, सेवेचे आणि सरकारी संदेश या नोंदणीच्या कक्षेबाहेर आहेत. संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी आता आडव्या रेघेनंतर एक इंग्रजी अक्षर असते. 'पी' म्हणजे जाहिरात, 'एस' म्हणजे सेवा, 'टी' म्हणजे व्यवहार आणि 'जी' म्हणजे सरकारी संदेश. नोंदणी पूर्ण झाल्यावरही 'पी' असलेले संदेश येत राहिले तर तक्रारीला पूर्ण वाव आहे.

कॉलच्या बाबतीतही क्रमांक पाहून बरेच कळते. नोंदणीकृत टेलिमार्केटिंग कंपनीने जाहिरातीसाठी १४० ने सुरू होणाऱ्या क्रमांकावरून बोलणे अपेक्षित आहे, तर १६०० ची मालिका सेवा आणि व्यवहाराच्या कॉलसाठी दिलेली आहे. साध्या दहा अंकी मोबाइलवरून जाहिरातीचे कॉल करण्यास मनाई आहे, आणि आपल्याला छळणारे बहुतेक फोन नेमके अशाच क्रमांकांवरून येतात.

आपणच दिलेली संमती

नोंदणी करूनही काही कॉल थांबत नाहीत, त्याचे एक कारण आपल्याच हातात असते. दोन वर्षांपूर्वी पुण्यात एका घरांच्या प्रदर्शनात मी सहज फिरायला गेलो होतो. दाराशीच एक फॉर्म भरून घेतला गेला. नाव, मोबाइल आणि तळाशी बारीक अक्षरांतल्या ओळीपुढे एक चौकोन, त्यात आधीच बरोबरची खूण छापलेली होती. मी न वाचता सही केली आणि पुढचे कित्येक महिने सदनिकांचे फोन येत राहिले. ग्राहकाने एखाद्या कंपनीला स्पष्ट संमती दिली असेल तर ती त्याच्या डीएनडी नोंदणीपेक्षा वरचढ ठरते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते.

अशी संमती मागे घेता येते. जाहिरातीच्या संदेशातच नकार कळवण्याची सोय देणे आता पाठवणाऱ्यावर बंधनकारक आहे, आणि एकदा नकार कळवल्यावर त्या ग्राहकाकडे ९० दिवसांपर्यंत पुन्हा संमती मागता येत नाही. चालू व्यवहार पूर्ण करण्यापुरती दिलेली संमती फक्त ७ दिवस टिकते. म्हणून दुकानात बिलासाठी मोबाइल नंबर मागितला तर आधी तो कशासाठी हवा आहे हे विचारावे आणि गरज नसेल तर देऊ नये.

तक्रार: मुदत, माहिती आणि पुढे काय होते

नको असलेला व्यापारी कॉल किंवा संदेश आल्यापासून ७ दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. पूर्वी ही मुदत ३ दिवसांची होती. ज्याने डीएनडी नोंदणी केलेली नाही त्यालाही नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरविरुद्ध, म्हणजे साध्या मोबाइलवरून जाहिरात करणाऱ्याविरुद्ध, तक्रार करता येते. ही मोकळीक २०२५ च्या दुरुस्तीने मिळाली. नोंदणीकृत कंपनीच्या १४० च्या कॉलविरुद्ध तक्रार टिकायची असेल तर मात्र आधी नोंदणी केलेली असली पाहिजे.

तक्रारीसाठी चारच गोष्टी लागतात: आपला क्रमांक, कॉल ज्या क्रमांकावरून आला तो क्रमांक, तारीख, आणि कॉल कशाबद्दल होता याचे थोडक्यात वर्णन. एवढी माहिती असलेली तक्रार वैध मानावी, असे विनियम सांगतात. एसएमएसने तक्रार करताना आधी वर्णन, मग स्वल्पविराम देऊन समोरचा दहा अंकी क्रमांक, पुन्हा स्वल्पविराम आणि शेवटी दिवस, महिना, वर्ष अशी तारीख लिहून १९०९ वर पाठवावी. डीएनडी ॲपमध्ये कॉलची यादीच समोर येते, त्यातून नंबर निवडला की टाइप करण्याचे काम उरत नाही.

माझ्या आईने यासाठी स्वतःची रीत काढली आहे. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत, ज्या दिवशी असा फोन येतो त्या दिवसाच्या चौकोनात, दूध आणि पेपरच्या नोंदींखाली ती पेन्सिलीने नंबराचे शेवटचे चार अंक आणि 'लोन', 'विमा' असा एखादा शब्द लिहून ठेवते. रविवारी मी घरी गेलो की चौकोनातले अंक फोनच्या कॉल यादीशी जुळवतो आणि आम्ही दोघे मिळून तक्रारी पाठवतो. तारीख आणि विषय आयता लिहिलेला असतो आणि सात दिवसांची मुदतही चुकत नाही.

तक्रार नेहमी आपल्याच कंपनीकडे द्यायची असते. समोरच्याचे सिम दुसऱ्या कंपनीचे असले तरी आपण तिकडे जाण्याची गरज नाही. आपली कंपनी तक्रार नोंदवून तिचा क्रमांक देते आणि ज्या कंपनीचे ते सिम आहे तिच्याकडे ती पुढे पाठवते. नोंदणी नसलेल्या टेलिमार्केटरवर ५ दिवसांत कारवाई अपेक्षित आहे, पूर्वी त्यासाठी ३० दिवस होते. एका क्रमांकाविरुद्ध १० दिवसांत ५ तक्रारी आल्या की तो कारवाईस पात्र ठरतो. पहिल्या वेळी त्याची जाणाऱ्या कॉलची सेवा १५ दिवस बंद होते. पुन्हा तसेच घडले तर त्याच्या सर्व जोडण्या वर्षभरासाठी तोडल्या जातात आणि इतर कंपन्यांकडेही त्याचे नाव काळ्या यादीत जाते. 'माझ्या एकट्याच्या तक्रारीने काय होणार' असे म्हणणाऱ्यांना मी हा पाचाचा आकडा नेहमी सांगतो. ज्या क्रमांकाने तुम्हाला त्रास दिला त्याने त्याच दिवशी आणखी शेकडो लोकांना फोन केलेला असतो, आणि त्यांतल्या पाच जणांनी लिहिले तरी पुरते.

क्रमांकच दिसत नसेल तर

तक्रारीसाठी समोरचा क्रमांक लागतो. त्यामुळे पडद्यावर 'प्रायव्हेट नंबर' किंवा 'अननोन' एवढेच दिसणाऱ्या कॉलसाठी फोनमधील सोयच वापरावी लागते. अँड्रॉइडवर फोन ॲपच्या तीन ठिपक्यांतून सेटिंग्जमध्ये जाऊन 'ब्लॉक्ड नंबर्स' उघडावे आणि तेथील 'अननोन' हे बटण चालू करावे. काही फोनमध्ये शब्द थोडे वेगळे असतात, पण जागा साधारण हीच असते. हे बटण फक्त स्वतःचा क्रमांक लपवून फोन करणाऱ्यांना अडवते. तुम्ही सेव्ह न केलेल्या सर्व क्रमांकांना ते अडवत नाही, त्यामुळे ते निर्धास्तपणे चालू ठेवावे. आयफोनवरील अनोळखी कॉल मूक करण्याची सोय वेगळी आहे. तिने सेव्ह नसलेले बहुतेक सर्व क्रमांक न वाजता यादीत जाऊन बसतात, आणि त्यात रुग्णालयाचा किंवा मुलांच्या शाळेचा फोनही असू शकतो. घरात आजारी माणूस असेल तर ती चालू करण्याआधी विचार करावा. व्हॉट्सॲपवर प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये 'कॉल्स' खाली अशीच सोय आहे.

जाहिरात नसून फसवणूक असेल तर

पोलीस, सीबीआय, बँक किंवा खुद्द ट्रायच्या नावाने धमकावणारा कॉल हा १९०९ चा विषय नाही. 'तुमचा नंबर दोन तासांत बंद होईल' असे ट्राय कोणत्याही ग्राहकाला फोन करून सांगत नाही. अशा कॉलची माहिती दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावरील किंवा ॲपवरील 'चक्षू' या सोयीत द्यावी. ही सोय मार्च २०२४ मध्ये सुरू झाली असून तेथे मागील ३० दिवसांतील कॉल, एसएमएस आणि व्हॉट्सॲप संदेश कळवता येतात. क्रमांक, तारीख, वेळ आणि घडलेला प्रकार लिहावा, स्क्रीनशॉट जोडावा आणि आपल्या मोबाइलवर येणारा ओटीपी त्याच पानावर भरावा. परदेशातून आलेला कॉल +९१ ने सुरू होणारा भारतीय क्रमांक दाखवत होता असे लक्षात आले, तर तेही संचार साथीवरच कळवता येते. आपल्या नावावर आपल्याला ठाऊक नसलेली सिमकार्डे चालू आहेत का, हेही तेथे तपासून घ्यावे.

पैसे गेलेच असतील तर चक्षूवर वेळ घालवू नये. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा. त्या वेळी बँकेचे नाव, खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवावी. जितक्या लवकर फोन जातो तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता अधिक असते. त्यानंतर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवावी आणि तिचा क्रमांक घेऊन बँकेच्या शाखेत जावे.