हवेचे तापमान आणि जाणवणारी थंडी: कोणता आकडा कशासाठी पाहावा

कडाक्याच्या थंडीच्या अंदाजात अनेकदा दोन आकडे शेजारी शेजारी दिलेले असतात: हवेचे तापमान आणि जाणवणारी थंडी, म्हणजेच विंड चिल. घाईत वाचणाऱ्याच्या मनात त्यातला जास्त धडकी भरवणारा आकडाच राहतो आणि मग घर, गाडी, मुले या सगळ्यांची तयारी त्या एकाच आकड्यावर बेतली जाते. ही गफलत टाळायलाच हवी.

हवेचे तापमान उणे १० अंश सेल्सिअस असताना ताशी ३० किलोमीटर वेगाने वारा वाहत असेल, तर जाणवणारी थंडी सुमारे उणे २० अंश भरते. पण म्हणून हवा उणे २० अंशांवर उतरलेली नसते. शरीराच्या उबेमुळे त्वचेलगत उबदार हवेचा एक पातळ थर धरलेला असतो, वारा तो सतत उडवून नेतो आणि उघडी त्वचा झपाट्याने गार पडू लागते. १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या सूत्रामागे अंटार्क्टिकात पाणी किती वेळात गोठते याची मोजमापे होती, तर अमेरिका आणि कॅनडाने २००१ साली स्वीकारलेले सूत्र माणसाच्या चेहऱ्यावरून किती उष्णता निघून जाते यावर आधारलेले आहे. हा आकडा चेहऱ्याचा आहे, गाडीचा नव्हे, हे लक्षात ठेवले की पुष्कळसा घोळ मिटतो.

गाडीच्या शीतकात, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, अँटीफ्रीझ (गोठण रोखणारे रसायन) आणि पाणी निम्मे निम्मे असेल, तर ते साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जाणवणारी थंडी उणे ४० आणि हवा उणे २५ असेल, तर त्या मिश्रणाला धोका नाही. वाऱ्यामुळे इंजिन लवकर थंड होते, पण हवेपेक्षा थंड होत नाही.

नळाच्या पाइपांचेही तसेच. हवा अधिक २ अंशांवर असेल, तर वारा कितीही सुटला तरी पाइपातले पाणी गोठणार नाही. मात्र हवा शून्याच्या बरीच खाली गेली, की भिंतीच्या फटीतून घुसणारा वारा तेच पाणी फार लवकर गोठवतो. म्हणून फटी आधी बुजवाव्यात आणि बाहेरच्या भिंतीलगतच्या सिंकखालील कपाटाची दारे उघडी ठेवावीत, म्हणजे खोलीची ऊब पाइपापर्यंत पोहोचते.

मुलांना बाहेर पाठवताना मात्र जाणवणारी थंडीच पाहावी. ती उणे २८ च्या खाली गेली, तर १० ते ३० मिनिटांत उघड्या त्वचेला हिमदंश होऊ शकतो, म्हणजे त्वचा गोठू शकते. नाक, कान आणि बोटे झाकलेली हवीत, आणि प्रत्येक बोट वेगळे ठेवणाऱ्या हातमोज्यांपेक्षा चारही बोटे एकत्र ठेवणाऱ्या हातमोज्यांत ती अधिक उबदार राहतात.

वारा पडलेल्या निरभ्र रात्री अंदाजात एकच आकडा दिसतो आणि थंडी सोसवते आहे असे वाटते. पण पारा बहुधा अशाच रात्री सर्वांत खाली जातो, आणि गाडीच्या बॅटरीची तपासणी व पाइपातले पाणी गोठू नये म्हणून सोडलेली नळाची बारीक धार त्याच रात्रीसाठी राखून ठेवायची असते.