ताप, डोळेदुखी आणि उजेड न सोसणे

अंगात ताप, डोळ्यांत ठणका आणि उजेडाकडे पाहवत नाही, अशी तिन्ही लक्षणे एकत्र येणारी अवस्था. हा स्वतंत्र रोग नव्हे. उजेड न सोसण्याला वैद्यकात प्रकाश-असह्यता म्हणतात. विदर्भातल्या खेड्यात मात्र तक्रार येते ती ‘डोये दुखून रायले’ एवढीच, उजेडाचे विचारावे लागते.

बुबुळाची आणि मेंदूवरच्या आवरणाची वेदना वाहणारी नस मुख्यतः एकच आहे. त्यामुळे दुखणे डोळ्यात असो वा मेंदूच्या आवरणात, उजेड दोन्हीकडे टोचतो. म्हणून पहिला प्रश्न साधा : डोळा लाल आहे की पांढरा?

डोळा पांढरा, ताप जोराचा आणि मान आखडलेली, हनुवटी छातीला टेकत नाही, उलट्या होतात, रुग्ण बरळतो. अशा वेळी मेंदूच्या आवरणाचा दाह किंवा मेंदूज्वर धरून चालावे आणि सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. अगदी लहान बाळाची मान आखडेलच असे नाही. ते दूध सोडते, सुस्त पडते, टाळू फुगते. विदर्भातल्याच एका गावाचे नाव एका मेंदूज्वराला मिळाले आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावातल्या तापाच्या रुग्णांत १९६५ मध्ये सापडलेला विषाणू चांदीपुरा म्हणूनच ओळखला जातो. तो सँडफ्लाय या बारीक माशीमुळे पसरतो. मातीच्या भिंतींच्या भेगा, गोठ्यातला ओलावा ही तिची आवडती जागा. तो मुख्यतः १५ वर्षांखालील मुलांना गाठतो. ताप, झटके आणि बेशुद्धी एका-दोन दिवसांत येऊ शकतात.

डेंग्यूत दुखणे डोळ्यांच्या मागे असते, नजर फिरवली की वाढते. यात फसवणूक अशी की ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात, आणि धोक्याचे एक-दोन दिवस नेमके तेव्हाच सुरू होतात. पोटात दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त ही तेव्हाची इशाऱ्याची चिन्हे. तापाला पॅरासिटामॉल चालते. अॅस्पिरिन, आयबुप्रोफेन नको.

पावसाळ्याअखेर धुऱ्यावरचे (शेताच्या बांधावरचे) गवत कापणाऱ्याला ताप आणि कडक डोकेदुखी असेल तर कपडे काढून अंग तपासावे. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसली तर स्क्रब टायफसची, म्हणजे गवतातला बारीक किडा चावून येणाऱ्या तापाची, दाट शंका घ्यावी. खपली दुखत नाही, म्हणून रुग्ण ती सांगतही नाही आणि काही जणांत ती नसतेच. डॉक्सिसायक्लिन वेळेत मिळाले तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो; उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे धरतो.

लाल डोळ्यांची गोष्ट वेगळी. चिखल-पाण्यात काम केलेल्याचे डोळे पू न येता लाल, पोटऱ्या दुखतात, असे असल्यास लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे उंदीर-गुरांच्या लघवीने दूषित पाण्यातून होणारा ताप, पाहावा. मुलाला ताप, खोकला, डोळे लाल आणि तीन-चार दिवसांनी कानामागून पुरळ, तर गोवर. यात जीवनसत्त्व अ चे डोस दृष्टी वाचवतात. कपाळाच्या एकाच बाजूला फोड आले तर नागीण, आणि फोड नाकाच्या शेंड्यापर्यंत उतरले असतील तर डोळ्यालाही धोका. चिकनगुन्यात ताप गेल्यानंतर काही आठवड्यांनीही डोळ्याच्या आत दाह होऊ शकतो.

सोयाबीनच्या मळणीत कुटार (भुसा) डोळ्यात जाऊन बुबुळावर होणारा व्रण या यादीत खरे तर उपरा आहे, कारण त्यात ताप सहसा नसतो. तरी लिहिणे भाग आहे. मेडिकलमधून आणलेल्या ‘लाल डोळ्याच्या’ थेंबांत अनेकदा स्टेरॉइड असते. त्याने दोन दिवस आराम वाटतो, आत बुरशी वाढते आणि डोळ्यात कायमचे फूल (पांढरा डाग) पडते. काही घरांत अंगावरचे दूध किंवा तूप घालतात, तेही टाळावे. डोळा न चोळता स्वच्छ पाण्याने धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ असलेले रुग्णालय गाठावे.