रुग्णाच्या वतीने बोलायचं कुणी? एका गोमंतकीय लेखिकेच्या लेखनाची पार्श्वभूमी

फोंड्याच्या या मराठी लेखिकेचं अलीकडचं बहुतेक लेखन शेवटच्या आजारपणांभोवती फिरतं. सुरुवात मात्र गोव्यातल्या कोकणी-मराठी भाषावादातून झाली. १९८७च्या राजभाषा कायद्याने दोन्ही बाजू कशा नाराज राहिल्या, हे इथल्या वाचकाला पाठ आहे. घरात कोकणी आणि वहीत मराठी ही अंत्रुजातली, म्हणजे फोंडा भागातली, जुनीच रीत, पण त्या काळात तिचाही जाब विचारला जाई. रविवार पुरवण्यांतून त्यांनी तो हौसेने दिला.

मग सासूबाईंना अर्धांगवायू झाला आणि लेखन थांबलं. पेज गाळून नाकातल्या नळीने भरवायची, दर दोन तासांनी कूस बदलायची, टाचेलाही बेडसोअर होतो म्हणून पोटरीखाली उशी द्यायची. दीर आखातात, त्यांचे सल्ले फोनवरून. (गोव्यात हे घरोघरी.) सासूबाई गेल्यावर त्या पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या रुग्णांचा त्रास हलका करण्याच्या, कामात स्वयंसेविका म्हणून शिरल्या आणि तिथेच रमल्या.

त्यांच्या लेखनातला मुख्य पेच २०११च्या एका निकालातला आहे. मुंबईच्या पालिका रुग्णालयातली एक परिचारिका १९७३मधल्या हल्ल्यानंतर तिथेच अंथरुणाला खिळून होती. मूळची उत्तर कन्नडच्या किनाऱ्यावरची. तिला भरवणं थांबवावं, अशी याचिका दुसऱ्याच एका लेखिकेने केली होती. ७ मार्च २०११ला सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. त्याच निकालाने उच्च न्यायालयाच्या परवानगीने कृत्रिम आधार काढण्याची वाट खुली केली आणि गाजावाजा तेवढ्याचाच झाला. वादाची जागा खरं तर वेगळी होती. याचिकाकर्तीने रुग्णावर पुस्तक लिहिलं होतं, तरी रुग्णाच्या वतीने बोलण्याचा हक्क वर्षानुवर्षं तिला भरवणाऱ्या, पुसणाऱ्या रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांचा आहे, असं न्यायालयाने ठरवलं. आणि त्यांना ती जगायला हवी होती. लिहिणाऱ्यांना हे झोंबणारं आहे. मला मात्र निकालाचा हाच भाग सर्वांत शहाणपणाचा वाटतो. एक फट राहतेच: सेवा करणाऱ्यालाही रुग्णाचा लळा लागतो, आणि खुद्द रुग्णाला काय हवं होतं ते कुणी विचारून ठेवलेलं नसतं. आमच्या लेखिका याच फटीत उभ्या आहेत, कारण त्या लिहितातही आणि भरवतातही. ती परिचारिका २०१५मध्ये न्यूमोनियाने गेली.

९ मार्च २०१८च्या निकालाने शुद्धीत असतानाच उपचारांविषयीची इच्छा लिहून ठेवण्याची सोय झाली. पण दोन साक्षीदारांखेरीज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, शिवाय वेळ आली की त्याने रुग्णालयात येऊन खातरजमाही करायची. घरात माणूस घटका मोजत असताना ही धावाधाव करणार कोण? हक्क कागदावरच राहिला. जानेवारी २०२३मध्ये अटी सैल झाल्या: नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसा, आणि उपचार थांबवण्याबाबत वैद्यकीय मंडळांनी शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. गोव्यातलं पहिलं असं इच्छापत्र ३१ मे २०२४ला उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी स्वतःचंच नोंदवलं.

त्यानंतर लेखिकेकडेही माणसं अशा इच्छापत्राविषयी विचारायला येऊ लागली. ती कोकणीत सांगतात, या मराठीत उतरवून घेतात. जाब आता कुणी विचारत नाही. स्वतःच्या कागदावर मात्र आपल्या वतीने निर्णय घेणारी म्हणून त्यांनी परदेशातल्या मुलाऐवजी, सासूबाईंच्या उशाशी सोबत जागलेल्या नणंदेचं नाव घातलं आहे, आणि त्यावरून घरात अजून कुरबुर चालू आहे.