बटण भराभर दाबलं की काम लवकर होतं?

'स्क्रीन अडकली की बटण दाबत राहा, काम लवकर होतं' हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतो आहे. प्रत्यक्षात काम लवकर होत नाही, बऱ्याचदा वाढतं.

खिडक्या-बटणांचा प्रोग्राम बहुतेक वेळ नुसती वाट पाहत असतो. तुम्ही क्लिक केलंत की ती 'घटना' म्हणून रांगेत लागते. प्रोग्राम एक घटना उचलतो, तिचं काम पूर्ण करतो, मगच पुढची घेतो. देवगडात हापूसच्या हंगामात पेट्यांचं बिल छापायला वेळ लागला आणि बटण चारदा दाबलं गेलं, तर उरलेली तीन क्लिक रांगेत थांबतात. मग एकाच गिऱ्हाइकाची चार बिलं निघू शकतात. यात दाबणाऱ्याचा दोष नाही. स्क्रीन काहीच सांगत नसेल तर माणूस पुन्हा दाबणारच. माझ्या मते जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याची: वेळखाऊ काम वेगळ्या थ्रेडवर (प्रोग्राममध्येच समांतर चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) द्यावं आणि ते संपेपर्यंत बटण बंद ठेवावं.

पडताळायला पायथन या प्रोग्रामिंग भाषेतलं टीकेइंटर, म्हणजे खिडक्या-बटणं बनवायचं साधन, पुरे. एक बटण ठेवा, ते दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये आधी 3 सेकंदांची स्लीप (नुसतं थांबणं), मग एक ओळ प्रिंट. आता बटण पटापट तीनदा दाबा. खिडकी गोठते आणि ओळी 3-3 सेकंदांनी येतात, शेवटची 9 सेकंदांच्या सुमारास. काही प्रोग्राम जादा क्लिक टाकूनही देतात, पण पहिलं काम त्यांतही लवकर संपत नाही.