लेम्पुयांगच्या देवळापुढे तळं नाही

बालीला जाऊन आलेल्या कुणाचाही फोटो आठवा: दोन उंच दगडी खांब, मधोमध आगुंग पर्वत आणि खाली काचेसारखं नितळ तळं. लेम्पुयांगच्या देवळातला हा फोटो ‘स्वर्गाचं दार’ म्हणून वर्षानुवर्षं फिरतोय. दार खरं, पर्वतही खरा. तळं मात्र नाही! तिथे फरसबंद अंगण आहे, कोरडं ठणठणीत.

करामत फोटो काढणाऱ्या स्थानिक पोरांची. मोबाइलच्या लेन्सखाली, अगदी चिकटवून, ते छोटा आरसा आडवा धरतात. वरचं सगळं दृश्य आरशात उलटं उमटतं आणि अंगणाची फरशी त्यामागे झाकली जाते. झालं तळं तयार. २०१९ साली याचा बराच गाजावाजा झाला, तरी पाण्याच्या शोधात येणारे अजून येतातच. त्या एका फोटोसाठी रांगेत तासन्‌तास जातात आणि तोवर ढग आले तर पर्वतही गायब. जायचंच तर पहाटे निघा.

मला खटकतं ते वेगळंच. लेम्पुयांग हे बालीतल्या अत्यंत पवित्र देवस्थानांपैकी एक. फोटोतलं दार पायथ्याजवळच्या देवळाचं. मुख्य देऊळ डोंगरमाथ्यावर, सुमारे १,७०० पायऱ्या चढून. बहुतेक पर्यटक तिकडे फिरकतही नाहीत. खाली असो वा वर, कमरेला सारोंग, म्हणजे लुंगीसारखं वस्त्र, गुंडाळावंच लागतं आणि पूजा चालू असेल तर भाविकांच्या पुढ्यातून जायचं नाही.