एलएफपी बॅटरी आली कुठून? थोडी पार्श्वभूमी

मार्च 2022 मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभी असलेली इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ बऱ्याच जणांनी पाहिला असेल, आणि आता ईव्ही घेताना लोक विचारतातच की बॅटरी एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली) आहे की एलएफपी. एलएफपी म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट. सेफ म्हणून तिचं नाव झालंय, पण ती कुणी आणि कशी शोधली हे फारसं कुणाला माहीत नसतं. मला ते सांगावंसं वाटतं कारण त्यात भारतीय नावं आहेत आणि ती कायम मागेच राहतात.

सुरुवात थोडी आधीपासून. 1970 च्या दशकात शास्त्रज्ञ स्टॅनली व्हिटिंगहॅम यांनी अमेरिकेत एक्सॉन या तेल कंपनीत टायटॅनियम सल्फाइड वापरून चार्ज होणारी लिथियम बॅटरी बनवली, साधारण अडीच व्होल्टची. मग 1980 मध्ये ऑक्सफर्डला जॉन गुडइनफ आणि कोइची मिझुशिमा या शास्त्रज्ञांनी सल्फाइड सोडून कोबाल्ट ऑक्साइड घेतलं आणि व्होल्टेज एकदम 4 वर गेलं, 1991 मध्ये सोनीने तीच बाजारात आणली आणि पुढे मोबाइल, लॅपटॉप सगळं त्यावर चाललं.

पण कोबाल्ट महाग, त्यातलं बहुतेक काँगोच्या खाणीतलं, आणि मोठा धोका म्हणजे चार्ज झालेलं कोबाल्ट ऑक्साइड जास्त तापलं की त्यातून ऑक्सिजन सुटतो. सेलमध्ये पेट घेणारा इलेक्ट्रोलाइट, म्हणजे लिथियम इकडून तिकडे नेणारा द्रव, आधीच भरलेला असतो. म्हणजे जळायला लागणारं सगळं आतच, बाहेरची हवा तोडूनही आग सहज विझत नाही ती यामुळेच.

लोखंड स्वस्त आणि मुबलक, पण साध्या आयर्न ऑक्साइडमध्ये व्होल्टेज फार कमी मिळतं. इथे येतात आरुमुगम मंथिराम, तमिळनाडूचे, आयआयटी मद्रासमधून पीएचडी, आधी ऑक्सफर्डला आणि 1986 पासून टेक्सासमध्ये ऑस्टिनला गुडइनफ यांच्यासोबत. या दोघांनी ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दाखवलं की तेच लोखंड सल्फेटमध्ये, म्हणजे गंधक आणि ऑक्सिजनच्या जोडीत, बसवलं तर 3.6 व्होल्ट देतं. कारण तसं समजायला सोपं आहे, गंधक ऑक्सिजनला स्वतःकडे घट्ट ओढून धरतं, मग लोखंडाची ऑक्सिजनवरची पकड सैल होते आणि तेवढ्याने व्होल्टेज वाढतं. माझ्या मते सगळ्या गोष्टीतला खरा टर्निंग पॉइंट हाच. (2019 ला गुडइनफना 97 व्या वर्षी नोबेल मिळालं तेव्हा त्यांच्या वतीने स्टॉकहोममध्ये व्याख्यान मंथिराम यांनीच दिलं.)

त्याच लॅबमध्ये अक्षय पाढी हे रिसर्च स्टुडंट होते. गुडइनफ यांनी त्यांना स्पिनेल नावाची अणूंची रचना शोधायला सांगितली होती, पाढींना स्पिनेल काही मिळालं नाही, ऑलिव्हिन नावाची दुसरीच रचना मिळाली, आणि तेच आपलं एलएफपी. हे लिथियम आयर्न फॉस्फेट ट्रिफिलाइट नावाच्या खनिजात निसर्गातच सापडतं. 1997 च्या पेपरवर पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ अशी नावं आहेत. सल्फेटमधल्या गंधकाचं काम इथे फॉस्फरस करतं: व्होल्टेज साधारण 3.4, आणि फॉस्फरसने ऑक्सिजन इतका घट्ट धरलेला की तापलं तरी सहजासहजी सुटत नाही. सेफ्टी नंतर वरून जोडलेली नाही, ती त्या बाँडमध्येच आहे.

पण तेव्हा फार कुणी नाचलं नाही, कारण हा पदार्थ वीज जवळजवळ वाहूच देत नाही. सुरुवातीच्या टेस्टमध्ये 100 पैकी 60 भागच लिथियम बाहेर काढता आलं (चार्जिंगमध्ये हेच होतं), ते पण अगदी हळूहळू, आणि त्या पेपरमध्येच लिहिलंय की कमी पॉवरच्या बॅटरीसाठी हे छान आहे. आज त्यावर बस धावतात!

मधल्या काळात झालं काय तर शास्त्रज्ञ मिशेल आर्मां आणि कॅनडातल्या हायड्रो-क्वेबेक या वीज कंपनीच्या लोकांनी साखरेसारखा पदार्थ मिसळून तापवला, त्यामुळे कणांवर कार्बनचा पातळ थर बसला आणि वीज वाहायला लागली. कण बारीक केल्यावर अजून फरक पडला. 2002 मध्ये एमआयटीच्या येट-मिंग चियांग यांनी नायोबियमसारखे धातू किंचित मिसळून रिझल्ट दाखवला, त्यावर मात्र वाद झाला की खरा फरक धातूमुळे पडला की आत तयार झालेल्या आयर्न फॉस्फाइडच्या जाळ्यामुळे. चियांग यांच्या ए123 या बॅटरी कंपनीचं 2012 मध्ये दिवाळं निघालं आणि ती चीनच्या वानशियांग कंपनीने घेतली. एलएफपीच्या पेटंटवरून कोर्टकचेऱ्या बरीच वर्षं चालल्या, तोवर चीनने कारखाने उभे केले सुद्धा.

एलएफपीची कमजोरी म्हणजे तेवढ्याच वजनात एनएमसीपेक्षा रेंज कमी. म्हणून आता लोखंडाच्या जागी थोडं मँगनीज घालून बघतायत, मँगनीजचा भाग 4.1 च्या आसपास व्होल्टेज देतो, म्हणून सरासरी वाढते, पण मँगनीजवाल्या फॉस्फेटमधून वीज लोखंडवाल्यापेक्षाही वाईट वाहते, त्यामुळे कार्बनचा थर, बारीक कण, ही सगळी खटपट परत सुरू आहे.