कोंबी घेण्याआधी तिचा महिना शोधा
(ब्राझीलहून फोक्सवागन कोंबी अमेरिकेत आणू पाहणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

फोन बहुतेक रविवारी रात्री येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "घेतली एकदाची!" पाठोपाठ व्हॉट्सॲपवर फोटो. साओ पावलोच्या कुठल्याशा उतारावर उभी असलेली पांढरी कोंबी, मागे भिंतीवर बोगनवेल. आम्ही अभिनंदन करतो आणि विचारतो, "कुठल्या महिन्यातली?" पलीकडून उत्तर येतं, "दोन हजार एकची." वर्ष नाही हो, महिना विचारतोय. मग शांतता.

या एका शांततेपायी हे पत्रक छापलंय. न्यू जर्सीतलं आमचं गॅरेज लहान आहे, माणसं मोजकी, आणि तेच उत्तर दर आठवड्याला द्यायचं म्हटलं की हातातला पाना खाली ठेवावा लागतो.

कोंबी म्हणजे फोक्सवागनची ती डब्यासारखी व्हॅन, हे तुम्हाला सांगायला नको. जर्मनीत या चेहऱ्याची गाडी १९७९ साली थांबली. ब्राझीलमध्ये साओ बेर्नार्दो दो काम्पोच्या कारखान्यात ती २०१३ च्या डिसेंबरपर्यंत निघत राहिली. १ जानेवारी २०१४ पासून तिथे नव्या गाड्यांना एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले. ज्या गाडीत चालकाचे गुडघे आणि पुढचा पत्रा यांच्यात जेमतेम वीतभर अंतर, तिच्यात ते बसवणार कुठे? म्हणजे मायदेशातच ती नव्या नियमात नापास झाली. अमेरिकेच्या सुरक्षा नियमांसाठी तर ब्राझीलची ही कोंबी कधी बनवलीच नव्हती. तरी ती इथे येते, आणि कायद्याने येते, कारण कायद्यातच एक दार ठेवलेलं आहे: गाडी २५ वर्षांची झाली की संघीय सुरक्षा मानकं तिला लागू करत नाहीत. कस्टमला द्यायच्या एचएस-७ फॉर्मवर पहिल्या चौकटीत खूण करायची ती यासाठीच.

आता मुद्द्याचं. ही २५ वर्षं उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात. मॉडेलच्या वर्षापासून नाही, आणि विकणाऱ्याने जाहिरातीत काय लिहिलंय त्यावरून तर मुळीच नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये बनलेली गाडी नोव्हेंबर २०२६ मध्येच बसते. जानेवारीत "वर्ष लागलं की" म्हणून आणली तर दहा महिने आधी आणली, आणि दहा महिने आधी म्हणजे बेकायदा.

ब्राझीलच्या कागदावर वर्षाच्या रकान्यात दोन आकडे असतात, २००१/२००२ असे. पहिला उत्पादनाचा, दुसरा मॉडेलचा. चॅसिस नंबर ९बीडब्ल्यू ने सुरू होतो आणि त्यातलं दहावं अक्षर किंवा अंक मॉडेलचं वर्ष सांगतो: २००० ला वाय, २००१ ला १, २००२ ला २. यावरून चूक दोन्ही बाजूंनी होते. एक गृहस्थ दहाव्या जागी २ बघून जानेवारी २००२ पासून मोजणार होते. गाडी ऑगस्ट २००१ ची निघाली, त्यांचे पाच महिने आम्ही वाचवले. उलट्या बाजूची गोष्ट मात्र आम्हाला अजून टोचते. एकांनी आम्हाला न विचारता गाडी जहाजावर चढवली आणि ती नेवार्क बंदरात उतरल्यावर फोन केला. कागदावर उत्पादन वर्ष बरोबर होतं, महिना नव्हता. पहिल्या विक्रीची पावती मागवली तर ती चार महिने पुढची. पंधरा दिवसांत रीतसर नोंद झाली नाही तर माल कस्टमच्या ताब्यातल्या गोदामात जातो आणि मीटर पडायला लागतं. शेवटी गाडी परत ब्राझीलच्या सान्तोस बंदरात गेली, म्हणजे भाडं दोनदा आणि हातात काहीच नाही.

महिना कुठे सापडतो? गाडीवर उत्पादनाच्या तारखेची पट्टी असेल तर उत्तम. नसेल तर पहिल्या विक्रीची पावती चालते, तिथे तिला 'नोता फिस्काल' म्हणतात. किंवा २५ वर्षांपूर्वीची नोंदणी दाखवणारा कागद. नोंदणी उत्पादनानंतर दोन-तीन महिन्यांनी झालेली असू शकते. हातात फक्त नोंदणीचा कागद असेल तर आम्ही त्याच तारखेपासून मोजतो, आणि वर एक महिना ठेवतो. गाडी ब्राझीलहून कधी निघाली हे कस्टम बघत नाही, अमेरिकेत कधी पोचली ते बघतं. जहाज उशिरा पोचलं तर कुणाचं बिघडत नाही, लवकर पोचलं तर सगळंच बिघडतं. "एवढी सावधगिरी कशाला, दुसरा माणूस लगेच पाठवतो म्हणतोय," असं काही जण ऐकवतात. पाठवेल. बंदरावर फॉर्मवर सही त्याची नसते, तुमची असते.

"मग २०१३ ची शेवटची निळी-पांढरीच घेऊन एअरबॅग इथे बसवून घेऊ." हाही नेहमीचा प्रश्न. त्या खास आवृत्तीच्या १२०० गाड्या निघाल्या, देखण्या आहेत, आमचाही जीव जातो. पण २५ वर्षांच्या आतली गाडी आणायची तर नोंदणीकृत आयातदारामार्फतच आणावी लागते, किमतीच्या दीडपट हमीचा बाँड भरावा लागतो, आणि १२० दिवसांत ती सगळ्या मानकांत बसवून दाखवावी लागते. तिच्यासारखी, मानकात बसणारी दुसरी गाडी अमेरिकेत विकली गेली असेल तर तुलना तरी करता येते. २०१३ सालच्या कोंबीला तशी बहीण इथे नाही, म्हणजे धडक चाचण्यांपासून सुरुवात. एवढ्या पैशात तुम्ही तीन जुन्या कोंबी घ्याल. शेवटच्या गाड्या २०३८ च्या डिसेंबरात येतील. पोरांसाठी आत्ताच नोंदवायची असेल तर आमच्याकडे वही आहे.

दुसरी एक युक्ती दलाल सुचवतात: १९७० च्या सुमाराच्या जर्मन गाडीचा नंबर काढून नव्या गाडीला लावायचा. हे काम आम्ही करत नाही, कितीही पैसे दिलेत तरी. २०१४ साली अशाच संशयावरून सरकारी माणसांनी देशभरातून चाळीस लँड रोव्हर डिफेंडर लोकांच्या दारातून उचलून नेल्या होत्या. पुढे त्यातल्या काही परतही मिळाल्या, पण तोवर मालकांचं वकिलापायी काय झालं असेल, विचार करा. शिवाय ब्राझीलच्या गाडीच्या काचांवर कोपऱ्यात नंबरचा शेवटचा भाग कोरलेला असतो. पाटी बदलली तरी काच खरं बोलते. फोटोत आम्ही आधी काचच बघतो.

इंजिनाकडे लक्ष द्या. प्रदूषणाच्या नियमातली सूट २१ वर्षांवर मिळते, म्हणजे २५ वर्षांच्या गाडीला वयाची अडचण नाही, पण इंजिन मूळ रचनेचं हवं. २००० पासून २००५ च्या अखेरीपर्यंतची कोंबी हवेने थंड होणारी, १.६ लिटरची. नंतर १.४ चं पाण्याचं इंजिन आलं आणि पुढे काळी जाळी लागली. जुन्या गाडीत नवं इंजिन टाकून "सुधारलीय" म्हणून विकतात. तिथल्या रस्त्यावर ती सुधारणा असेल, इथल्या बंदरावर तो वाद आहे. गाडी पेट्रोलची आहे की अल्कोहोलची तेही विचारा, ब्राझीलमध्ये दोन्ही निघत. आणि कॅलिफोर्नियातल्या ग्राहकांनी आधी फोनच करावा, कारण १९७६ पासूनच्या गाड्यांना तिथे राज्याचे प्रदूषण नियम वेगळे लागतात. संघीय सूट तिथे पुरत नाही.

ड्युटीचं थोडं. खिडक्या आणि बाकं असलेली प्रवासी कोंबी मोटारीत मोडते, तिला मूळ दर अडीच टक्के. बंद पत्र्याची मालवाहू असेल तर २५ टक्के. हा २५ टक्क्यांचा दर १९६४ पासूनचा. युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर कर वाढवला, त्याचा वचपा म्हणून अमेरिकेने मालवाहू गाड्यांवर बसवला, आणि मार बसला तो फोक्सवागनच्या याच डब्याला. कोंबडीचं भांडण कोंबीच्या अंगावर आलं, ही गंमत मराठी माणसालाच कळते. इंग्रजीत हसू येत नाही. हे मूळ दर झाले. वरून नवे आदेश निघत असतात, म्हणून पक्का आकडा आम्ही त्या-त्या दिवशीच लिहून देतो, फोनवर तोंडी नाही.

आणि माती. गाडीच्या पोटाला परदेशी माती चिकटलेली असेल तर बंदरावरच अडवतात. ब्राझीलच्या आतल्या भागातली माती आपल्या कोकणासारखी लाल आणि तितकीच चिकट. चाकांच्या वरची पोकळी, स्टेपनीची बैठक, सरकत्या दाराची खालची पन्हळ, तिथे ती बरोबर लपते. विकणारा "धुतलीय" म्हणतो तेव्हा छप्पर धुतलेलं असतं. सान्तोसला आमचा माणूस वाफेने धुऊन घेतो आणि खालून फोटो पाठवतो. त्याचे पैसे बिलात वेगळे लावतो, त्यावर घासाघीस करू नका. आणि गाडीत सामान भरू नका. गाडी म्हणजे कंटेनर नव्हे, आतून वस्तूही गायब होतात.

"निवृत्तीनंतर पुण्याला नेऊ?" जुनी गाडी भारतात नेण्याचा सर्वसाधारण नियम तीन वर्षांच्या आतल्या, उजव्या हाताच्या स्टिअरिंगच्या गाडीचा आहे. कोंबी दोन्हीत नापास. पुण्याला फोटो न्या.

कागद तपासायची आमची फी ही खरेदीच्या आधी द्यायची आहे. काम आमच्याकडे दिलंत तर ती शेवटच्या बिलातून वजा होते. आधी खरेदी आणि मग तपासणी असं आलेलं काम आम्ही गेल्या दोन वर्षांपासून घेत नाही. लोकांना हे उद्धट वाटतं, पण वाईट बातमी द्यायचे पैसे घ्यायला आम्हाला बरं वाटत नाही.

तर विसार देण्याआधी चार फोटो पाठवा: नोंदणीच्या कागदाच्या दोन्ही बाजू, चॅसिसवर ठोकलेला नंबर, पुढच्या काचेचा खालचा कोपरा, आणि इंजिनाचं झाकण उघडून आतला. दिवसाउजेडी काढायला सांगा. फ्लॅश मारला की काचेवरचं कोरीव दिसत नाही.